एका मालगाडीचे 110 ट्रक

पूर्व ऑस्ट्रेलियातून पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थला जाणारी रेल्वे एकच. तिचा पोर्ट ऑगस्टा ते कालगुर्ली हा टप्पा 1,693 किलोमीटरचा आहे. मुंबईहून रेल्वेने नागपूरला जाऊन परत यावं, साधारण तेवढा. त्यात नलारबोरच्या पठारावर 478 किलोमीटर रूळ नाकासमोर सरळ जातात. एवढा लांब सरळ लोहमार्ग जगात दुसरा नाही. आपल्या कोकण रेल्वेच्या सुमारे 740 किलोमीटरांत लहानमोठे दोन हजारांच्या आसपास पूल लागतात. इथे अख्ख्या टप्प्यात एकही बारमाही नदी आडवी येत नाही.

तरीही जानेवारी 2022 मध्ये हा मार्ग पुराने तोडला. 300 किलोमीटरहून जास्त पट्ट्यात 18 ठिकाणी.

या भागात वर्षाला सरासरी 200 मिलिमीटरही पाऊस होत नाही. 26 जुलै 2005 ला एका दिवसात 944 मिलिमीटर झेललेल्या सांताक्रूझवाल्यांना हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल. पण सपाट, कोरड्या जमिनीवर पाण्याला वाहायला ओढे-नाले नसतात. ते चादरीसारखं पसरतं आणि रेल्वेच्या भरावाला येऊन टेकतं. मोऱ्या अपुऱ्या पडतात, भरावाचं धरण होतं आणि मग ते फुटतं. खडी जाते, खालची माती जाते. रूळ मात्र काँक्रीटच्या स्लीपरांसकट हवेत लोंबकळत राहतात.

कोकणात दरड कोसळली तर गाड्या मिरज-लोंढ्यावरून वळवता येतात. इथे वळवायच्या कुठून? पूर्वेकडून पर्थला जमिनीवरून जाणारा सुमारे 80 टक्के माल याच रुळांवरून जातो. रेल्वे तब्बल 24 दिवस बंद राहिली. माल ट्रकांवर चढला, काही जहाजांनी निघाला. पर्थच्या सुपरमार्केटांत फळ्या रिकाम्या पडल्या आणि काही वस्तू माणशी मोजून देण्याची वेळ आली.

आता हिशेब मांडू. या मार्गावरच्या मोठ्या मालगाड्या 1.8 किलोमीटरपर्यंत लांब असतात आणि त्यांत कंटेनरवर कंटेनर असे दोन मजले रचतात. पूर्ण भरलेल्या अशा एका गाडीचा माल रस्त्याने न्यायचा तर दोन-दोन ट्रेलर ओढणारे सुमारे 110 ट्रक लागतात. चालकही किमान 110. ॲडलेड ते पर्थ रस्त्याने सुमारे 2,700 किलोमीटर. म्हणजे एका गाडीच्या मालासाठी सगळे ट्रक मिळून 2,97,000 किलोमीटर धावणार. पृथ्वीला सात प्रदक्षिणा घालून वर बरंच उरतं! रोज अशी एकच गाडी रद्द झाली असं धरलं, तरी 24 दिवसांत 2,640 ट्रक-फेऱ्या आणि 71 लाख किलोमीटर. चंद्र सरासरी 3.84 लाख किलोमीटरवर आहे, भागाकार तुम्हीच करा. आणि हे फक्त एकेरी, रिकामे परतणारे ट्रक यात धरलेलेच नाहीत.

एवढा मोठा देश, पण त्याच्या दोन टोकांना जोडणारी रेल्वे 1917 मध्ये पुरी झाली आणि त्यानंतर तिला जोडीदार म्हणून दुसरा मार्ग कुणी टाकला नाही. मला तरी हा कंजूषपणाच वाटतो. मार्च 2024 मध्ये नलारबोरवर पुन्हा पाणी भरलं आणि पर्थची रेल्वे पुन्हा बंद पडली.