पुडीतली भेसळ

संपादकांनी विषय दिला तो शीतगृहांचा. फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे, सगळे तिला ‘इरी’ म्हणतात. तिच्या जनुकपेढीत भाताचे १ लाख ३० हजारांहून अधिक नमुने आहेत. नेहमी लागणारं बी २ ते ४ अंशांवर असतं, कायमचा साठा उणे २० च्या आसपास. संस्था १९६० सालची. ख्मेर रूजच्या राजवटीत कंबोडियाने गमावलेले भाताचे वाण १९८० च्या दशकात या पेढीतूनच मायदेशी परतले. एवढ्यावरही लेख झाला असता, पण मी पेढीतल्या बी निवडणीच्या टेबलापाशीच रेंगाळलो.

टेबलाशी बसलेल्या बाई चिमट्याने एकेक दाणा उलटून पाहत होत्या. समोर यंदाच्या पिकाचं बी होतं आणि शेजारी त्याच नमुन्याची जुनी पुडी. नमुना पेढीत पहिल्यांदा येतो तेव्हा त्यातलं थोडं बी कायमचं बाजूला राखतात. या राखीव बियाला तिथे ‘सीड फाइल’ म्हणतात. पुढे कितीही वेळा पेरणी झाली तरी नवं बी या पुडीशी ताडून बघायचं. तुसाचा रंग, कुसळाची लांबी, दाण्याच्या टोकाचा जांभळेपणा, सगळं जुळलं तर माल आत. बाईंनी एक कुसळाचा दाणा वेगळा काढला, कारण बाकीचं बी बिनकुसळाचं होतं. मग त्या जुनी पुडी चाळत राहिल्या. तिच्यातही तसाच एक दाणा निघाला, तेव्हा बाजूला काढलेला दाणा परत ढिगात गेला.

आपल्याकडे बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये भेसळ दिसली की रोप मुळासकट उपटतात, आणि ते बरोबरच आहे. विकायचं बी एकसारखंच हवं. पेढीचं इमान मात्र वेगळं आहे. शेतकऱ्याच्या घरातून आलेला जुना वाण मुळातच मिसळीचा असतो, जंगली भात तर त्याहून अधिक. ती मिसळ जशीच्या तशी राखली तरच बी अस्सल राहतं. ते निवडून स्वच्छ केलं की दिसायला सुबक होतं, पण मग तो नमुना आला तसा राहत नाही.

असं का, ते ग्रासी स्टंट या विषाणूरोगाच्या हकिकतीतून कळतं. तपकिरी तुडतुडे हा रोग पसरवतात. रोप खुजं राहतं, गवतासारखे बारीक फुटवे भरमसाठ येतात आणि लोंबी धड भरत नाही. १९७० च्या सुमाराला या रोगाने आशियातल्या शेतकऱ्यांना हैराण केलं. इरीने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले, आणि खंबीर प्रतिकार मिळाला तो फक्त एका नमुन्यात. क्रमांक १०१५०८, ओरायझा निवारा. उत्तर प्रदेशातून गोळा केलेला हा जंगली भात, ऋषिपंचमीला आपण खातो त्या देवभाताच्या गोतातला. त्यातही पुडीतलं प्रत्येक रोप तगलं नाही, थोडीच रोपं तगली. इरीतल्या गुरदेव खुश यांच्या गटाने तो प्रतिकार पुन्हापुन्हा संकर करून लागवडीच्या वाणांत आणला. १९७६ मध्ये त्यांतला आयआर ३६ हा वाण आला आणि पुढच्या काही वर्षांत तो कोट्यवधी एकरांवर पोचला. पुडीतली ती थोडी रोपं कुणी भेसळ म्हणून उपटली असती तर?

हा प्रश्न जुन्या काळातच संपलेला नाही. बी थंडीतही म्हातारं होतं. उगवणशक्ती ठरलेल्या मर्यादेखाली गेली की ते पुन्हा पेरावं लागतं, आणि खरा धोका तिथे असतो. मोजकीच रोपं लावली तर विरळ गुण नुसत्या योगायोगाने गळतो. लॉस बान्योसच्या हवेत जी रोपं जोमाने निसवतात त्यांचंच बी जास्त येतं, थंड डोंगरातून आलेली मागे पडतात. जंगली भाताचा दाणा पिकताच झडतो, म्हणून तो जाळीघरात कुंड्यांमध्ये वाढवून लोंब्यांना पिशव्या बांधाव्या लागतात. तरी शेजारच्या भाताचे परागकण कधी शिरतील याचा नेम नाही. शिवाय एक लेबल चुकलं तर दोन नमुन्यांची ओळख एकदम जाते, आणि दाणे दिसायला सारखे असले तर सीड फाइलही ती चूक पकडू शकत नाही.

डीएनए तपासणीने हे सुटेल असं वाटतं. काही अंशी सुटतंही. पण तपासायचं रोप कोणतं? २०१४ मध्ये जाहीर झालेल्या तीन हजार भात-जनुकसंचांच्या प्रकल्पात मिसळीच्या नमुन्यांतून एकेक रोप निवडून त्याची संतती वाढवली आणि तिला वेगळा क्रमांक दिला, कारण ते बी आता मूळ पुडीसारखं उरलं नव्हतं. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. मात्र प्रत्येक नव्या क्रमांकाबरोबर जपायच्या पुड्या वाढतात.

रोगही थांबत नाही. १९८० च्या दशकात फिलिपिन्समध्ये ग्रासी स्टंटचा दुसरा प्रकार दिसला, आणि निवाराकडून आलेला प्रतिकार त्याच्यापुढे चालला नाही. म्हणजे शोध पुन्हा याच पुड्यांमध्ये घ्यायचा. पेढी मागणी करणाऱ्याला जंगली भाताचे मोजकेच दाणे पाठवू शकते. प्रतिकाराचा गुण पुडीतल्या थोड्याच दाण्यांत असेल आणि पाठवलेल्या दाण्यांत तो नसेल, तर संशोधक वहीत त्या क्रमांकापुढे ‘रोगाला बळी पडतो’ अशी नोंद करतो. ती नोंद छापून येते आणि पुढे वर्षानुवर्षं त्या पुडीला कुणी हात लावत नाही. म्हणून किती रोपं तपासली, बी कोणत्या हंगामातलं होतं आणि किती रोपं तगली, हे क्रमांकाच्या बरोबरीने लिहिलं गेलं पाहिजे. नुसता क्रमांक पुरेसा नाही.