लहान चाकांची शर्यत

सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ती हँडलला डबा अडकविलेली कामगाराची सायकल. मी ज्या सायकलीविषयी बोलणार आहे तिला कॅरियर नाही, घंटी नाही, मडगार्डही नाही. चाक 20 इंची, गिअर एकच, ब्रेकही बहुधा मागचा तेवढा. हिला बी. एम. एक्स. म्हणतात.

1970 च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मुलांनी मोटारसायकलींच्या मातीतील शर्यती पाहिल्या. मोटारसायकल कोठून आणावयाची? त्यांनी आपल्या छोट्या सायकलीच उंचवट्यांवर घातल्या. असा हा पोरांनी काढलेला खेळ. 1982 साली त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि 2008 साली बीजिंग येथे तो ऑलिंपिकमध्ये आला.

शर्यत अशी असते. ऑलिंपिकच्या मार्गावर सुमारे 8 मीटर उंचीच्या, म्हणजे दुमजली घराहून उंच उतारावर आठ स्पर्धक फाटकाला चाक टेकवून उभे राहतात. फाटक पडले की सुटले. पुढे सुमारे 400 मीटर मातीचे उंचवटे आणि तिरपी वळणे. 30 ते 45 सेकंदांत सारा निकाल! येथे नुसते पाय मारून भागत नाही. उंचवटा उतरताना अंगाचा भार सायकलीवर दाबावयाचा, चढताना तो काढून घ्यावयाचा. म्हणजे पायडल न मारता वेग राहतो. पहिल्या वळणावर जो पुढे, त्याला मागे टाकणे कठीण. म्हणून तेथे गर्दी होते आणि पडणेही तेथेच.

हे पडणे साधे नव्हे. ऑस्ट्रेलियाचा काई साकाकिबारा 2020 साली शर्यतीत पडला आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. त्याची बहीण साया हिने 2024 साली पॅरिसला सुवर्णपदक मिळविले.

आता आम्हां संघटनेच्या माणसांचा नेहमीचा प्रश्न: या श्रमाचा खर्च कोण सोसतो? 2016 च्या ऑलिंपिकनंतर ब्रिटनमध्ये या शर्यतीसाठी सरकारी पैसा पुरुषांना चालू राहिला, स्त्रियांचा बंद झाला. बेथनी श्रायव्हर या मुलीने शाळेत मदतनिसाची नोकरी धरली, लोकवर्गणी गोळा केली. पुढे तिला सायकल संघटनेचा आधार पुन्हा मिळाला आणि 2021 साली टोकियोत, 2012 व 2016 ची विजेती कोलंबियाची मारियाना पाहोन हिला मागे टाकून, तिने सुवर्णपदक जिंकले. तिच्या अंगची शक्ती पैसा बंद झाला तेव्हाही होतीच. हिशेब चुकला होता तो देणाऱ्यांचा.

हे दूरचे वाटेल. तसे ते नाही. 1999 पर्यंत आपण ज्या भंडारा जिल्ह्यात होतो, तेथील मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे यांनी 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बंदिस्त ट्रॅकवर भारतासाठी सायकल चालविली. तो ट्रॅक लाकडी आणि खर्चाचा. बी. एम. एक्स.ला मुख्यतः माती लागते, आणि माती आपल्याकडे उदंड आहे.

मात्र मातीबरोबर हेल्मेट, शिकविणारा, जवळ डॉक्टर आणि अपघाताचा विमा हेही हवे, आणि तेही मुलगा-मुलगी दोघांना सारखे. तेवढे न देता मुलांकडे धाडस मागणे हा न्याय नव्हे.