मावशीची कोठी

पहाटे ४.४५
मोखाड्याच्या डोंगरात फेब्रुवारीतही पहाटे बोटं आखडतात. मिशनच्या या छोट्या निवासी शाळेत सर्वांत आधी उठते ती स्वयंपाकाची मावशी. चूल पेटते, मग हात शेकून होतात. १९ किलोचा सिलिंडर दोन्ही वेळच्या रांधपाला पुरवणं परवडत नाही. म्हणून पेज, पाणी आणि भाकरी लाकडावर. गॅस फक्त डाळीला. टोपात नागलीची पेज रटरटते. खाणारी तोंडं साठ.

६.००
मोठी मुलं हापशावर. पाणी खाली गेलंय, दांडा पूर्वीपेक्षा जास्त वेळ हाणावा लागतो. याच तालुक्यातलं मध्य वैतरणा धरण मुंबईला पाणी देतं.

१०.३०
परिपाठ. प्रार्थना, राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा. मुलं बहुतेक वारली आणि कोकणा, थोडी कातकरी. ख्रिस्ती घरातली मोजकीच. प्रभूची प्रार्थना सगळ्यांना पाठ आहे, आणि वाघबारशीला घरी वाघदेवाला नारळ फुटतो हेही सगळे सांगतात.

११.१५
पहिलीतलं एक पोर रडतंय. त्याला बाईंचं बोलणं कळत नाही, बाईंना त्याचं. सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात येतात, "मावशी, जरा वर्गात येता का?"
मावशी पिठाच्या हातानेच जाते. त्याच्याशी वारलीत बोलते. पोट दुखत नाही, आईची आठवण येतेय. आईबाप दिवाळीनंतर उचल घेऊन वसईकडच्या वीटभट्टीवर गेले. गेल्या साली हाही तिथेच होता, वाळत घातलेल्या विटा उलटत. मावशी त्याला कडेवर घेत नाही. शेजारी बसते, पाटी पुढे करते, तो शांत झाला की उठते. "चुलीपाशी नेला तर रोज रडंल," ती म्हणते. मला तिचं पटतं.

१.३०
भात आणि उडदाची आमटी. सरकारी पोषण आहार शासकीय आणि अनुदानित शाळांना मिळतो. ही विनाअनुदानित. तांदूळ विकतचा, शिक्षकांचा पगारही संस्थेच्याच पैशातून. दुपारी सात किलो तांदूळ शिजतो. डाळ मात्र मावशी वाटीने मोजून काढते. भात दुसऱ्यांदा मागितला तर ती कधीच नाही म्हणत नाही. आमटी दुसऱ्यांदा पातळ येते.

३.००
एसटीने मोखाडा. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, तेवढीच बचत. तेल, मीठ, हळद, कपड्यांचा साबण. डबा डोक्यावर, पिशवी हातात. फाट्यापासून शाळेपर्यंतची चढण पायीच.

५.३०
भाकऱ्या. मदतीला गावातली एक बाई येते. एकीने थापायच्या, दुसरीने भाजायच्या. नागलीचं पीठ उकडीचं हवं, नाहीतर भाकरी चिरते. धुराने डोळे लाल होतात. तासाभरात तीसेक होतात, अजून तेवढ्याच राहतात.

८.००
मुलं जेवून अभ्यासाला. मावशी सगळ्यांच्या नंतर जेवते. मग टोप घासायचा. आत वाकूनच घासावा लागतो, इतका मोठा.

९.१५
कोठीची वही. तांदूळ महिनाभर पुरेल. तूरडाळ संपली, उडीद चार दिवसांचा. मावशीचा पगार महिना सात हजार.

जव्हारला दाभोशाचा धबधबा पाहायला येणाऱ्यांनो, वाटेत अशी शाळा लागली तर मुलांना चॉकलेट वाटू नका. दहा किलो डाळ कोठीत द्या आणि वहीत नोंद करून घ्या.