नंबर तोच, कंपनी नवी. पण नंबर कोणाच्या नावावर?

मंद्रूपच्या बाजारात कापडाची लहानशी गादी चालवणारा माणूससुद्धा पावतीपुस्तकावर तीन गोष्टी छापून घेतो: दुकानाचे नाव, मालाची जात आणि मोबाईल नंबर. दुकानाचे नाव गिऱ्हाईक विसरते, पण नंबर त्याच्या फोनमध्ये ‘चादरवाले चाचा’ किंवा ‘टेलर मामू’ म्हणून वर्षानुवर्षे राहतो. भंडारकवठ्याचा शेतकरी बस्त्याला निघण्याआधी त्याच नंबरवर विचारतो, सोलापूरचा कारखानदार टॉवेलच्या गठ्ठ्यांचा भाव त्याच नंबरवर कळवतो, आणि आता तर पैसेही त्याच नंबरवर जमा होतात. थोडक्यात, नंबर ही आपली अर्धी पेढी झाली आहे. ती पेढी उचलून एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिला आहे. पण हा हक्क वापरण्याआधी आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी एक गोष्ट तपासून घेणे अत्यंत गरजेचे आहे. ती कोणती, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

हा हक्क आला कसा?

एक काळ असा होता की नंबरचे पहिले चार आकडे ऐकून कंपनी ओळखता येत असे. आपल्या महाराष्ट्रात 9822 म्हटले की आयडिया, 9823 म्हटले की व्होडाफोन, 9890 म्हणजे एअरटेल आणि 9422 म्हणजे बीएसएनएल. सरकार कंपन्यांना नंबरांचे गठ्ठे वाटून देत असे आणि ग्राहक त्या गठ्ठ्याला बांधलेला असे. कंपनी आवडली नाही तर नंबर सोडा, पावतीपुस्तके नव्याने छापा, पाटी रंगवा आणि शंभर गिऱ्हाइकांना नवा नंबर कळवत बसा. हे परवडत नसल्यामुळे माणूस खराब सेवा सोसत राही. कंपनीलाही ठाऊक असे की हा कुठे जात नाही.

हा अडकाव जगात सर्वप्रथम 1997 साली सिंगापूरने दूर केला. 1999 मध्ये ब्रिटन आणि हाँगकाँग, 2003 च्या नोव्हेंबरात अमेरिका आणि 2007 मध्ये पाकिस्तान त्या वाटेने गेले. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सप्टेंबर 2009 मध्ये नियम केले. 25 नोव्हेंबर 2010 रोजी हरियाणात सुरुवात झाली आणि 20 जानेवारी 2011 पासून ही सोय साऱ्या देशात लागू झाली. तेव्हा ग्राहकाकडून जास्तीत जास्त 19 रुपये घेण्याची मुभा होती. पुढे हे शुल्क बरेच खाली आले आणि आता बहुधा नवी कंपनीच ते सोसते.

सुरुवातीला मात्र हा हक्क आपल्या सर्कलपुरताच होता. मुंबई वेगळी धरली तर उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल होते. मंद्रूपच्या माणसाला यातली अडचण समजावून सांगायला नको. विजापूर रस्त्याने पुढे गेले, भीमा ओलांडली, की कर्नाटक सर्कल सुरू. इथल्या ज्या दुकानदाराने विजापूरला बस्तान हलवले, त्याला एक तर रोमिंगचा भुर्दंड सोसावा लागे, नाही तर नंबर सोडावा लागे. 3 जुलै 2015 पासून देशात कुठेही नंबर नेण्याची परवानगी मिळाली आणि नदीची ही आडकाठी संपली.

नंबर जुना, पत्ता नवा

हे घडते कसे, ते आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. समजा, गठ्ठ्यावर माल घेणाऱ्याचे नाव तेच आहे, पण त्याने ट्रान्सपोर्टचे गोदाम बदलले. आडत्याने रजिस्टरमध्ये ‘या नावाचा माल आता अमुक गोदामात उतरवा’ अशी नोंद केली की काम भागते. त्याचप्रमाणे नेलेल्या सर्व नंबरांची नोंद एका मध्यवर्ती यादीत ठेवली जाते. कोणी आपल्याला फोन लावला की आधी ती यादी पाहिली जाते आणि मग फोन योग्य कंपनीकडे वळवला जातो. फोन लावणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच आज 9822 ऐकून कंपनी ओळखता येत नाही.

आमच्या दुकानाचा धडा

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या दुकानाचा नंबर 2006 सालचा. 2013 च्या लगीनसराईत त्या कंपनीची रेंज दुकानात येईनाशी झाली. फोन घेऊन रस्त्यावर जाऊन उभे राहिले तरच बोलणे होई. एका घराने बस्त्यासाठी दोन दिवस फोन लावला, दोन्ही दिवस ‘संपर्कक्षेत्राबाहेर’ ऐकले आणि ते सरळ सोलापूरला जाऊन कापड घेऊन आले. वीस वर्षांचे गिऱ्हाईक होते. नंतर भेटल्यावर म्हणाले, “चाचा, आम्हाला वाटले तुम्ही दुकान बंद केले.” हे वाक्य आमच्या मनाला फार लागले.

कंपनी बदलण्याचा अर्ज केला तर तो परत आला. कारण काय, तर नंबर आमच्या नावावरच नव्हता! 2006 मध्ये घाईगर्दीत ते सिम दुकानात कामाला असलेल्या मुलाच्या ओळखपत्रावर घेतले होते. सात वर्षे बिल आम्ही भरले, पावत्यांवर नंबर आमचा, पण कागदावर मालक तो. आणि तो केव्हाच भिवंडीला लूमवर कामाला गेलेला.

शोध घेऊन त्याला गाठले. त्याने भाड्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. म्हणाला, “मामू, नंबर तुमचाच आहे, सही कुठे करू तेवढे सांगा.” मोठ्या इमानदारीचा मुलगा! पण क्षणभर विचार करा. तो सापडला नसता तर? किंवा त्याने त्या सहीची किंमत मागितली असती तर? नाव बदलेपर्यंत लगीनसराई संपली. त्या हंगामात जे गिऱ्हाईक तुटले, त्यातले काही परत आलेच नाही. दोष कंपनीच्या रेंजचा होता हे खरे, पण कागदाचा दोष आमचाच होता.

आपल्या लोकांत ही चूक फार आहे. कोणाचा नंबर भाच्याच्या नावावर, कोणाचा सिम विकणाऱ्या दुकानदाराने भलत्याच कागदावर दिलेला, तर कोणी मरहूम वडिलांच्या नावावरचा नंबर दहा वर्षे तसाच चालवतो आहे. 2006 साली तो फक्त बोलण्याचा नंबर होता. आज बँक खाते, आधार, जीएसटी आणि यूपीआय सगळे त्याला जोडलेले आहे. ज्याच्या नावावर नंबर, तोच सिम बंद करू शकतो, तोच नवे सिम काढू शकतो. म्हणजे तुमच्या गल्ल्याची दुसरी किल्ली तुम्ही नकळत दुसऱ्याच्या हाती ठेवली आहे.

आज नियम काय आहेत?

16 डिसेंबर 2019 पासून पद्धत बदलली. पूर्वी कोड कोणालाही मिळे आणि अर्ज मागाहून फेटाळला जाई. आता आधी पात्रता पाहिली जाते, मगच कोड मिळतो. कसे करायचे ते असे:

(1) फोनवरून इंग्रजीत पोर्ट हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा संदेश 1900 वर पाठवावा.

(2) अट पुरी होत असेल तर आठ अक्षर-अंकांचा कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तेवढ्यात ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे.

(3) त्याच सर्कलमध्ये तीन कामकाजाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. बदल होताना सेवा काही तास बंद राहते. हे काम बहुधा रात्री होते. मन बदलले तर अर्ज केल्यापासून 24 तासांत तो मागे घेता येतो.

(4) सध्याच्या कंपनीकडे 90 दिवस झालेले असावेत. म्हणजे एकदा गेलात की तीन महिने पुन्हा कंपनी बदलता येत नाही. पोस्टपेडची थकबाकी नसावी आणि नावबदलाचा अर्ज प्रलंबित नसावा.

(5) प्रीपेडची शिल्लक सोबत जात नाही. वर्षाचे रिचार्ज कालच केले असेल तर ते पाण्यात गेले समजा.

(6) सिम हरवून किंवा बिघडून नवे काढले असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. हा नियम 1 जुलै 2024 पासून आहे. ठग मंडळी दुसऱ्याच्या नंबरचे सिम काढून लगेच कंपनी बदलत आणि खाती रिकामी करत, म्हणून ही अट घातली गेली. फोनवर कोणी गोड बोलून हा कोड मागितला तर तिथेच फोन ठेवावा.

जाण्याआधी

जुलै 2024 मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा अनेक लोक स्वस्ताई पाहून बीएसएनएलकडे गेले. दर पाहणे व्यापाऱ्याचा धर्मच आहे. पण कापड घेताना आपण नुसता भाव पाहत नाही, पोत हातात घेऊन पाहतो. इथेही तसेच करावे. नव्या कंपनीचे साधे सिम फोनच्या दुसऱ्या खणात घालून आठ दिवस वापरावे. दुकानाच्या आत, घरात, बाजाराच्या दिवशी, कंदलगाव-निंबर्गीच्या वाटेवर रेंज येते का ते पाहावे. सोलापुरात चांगली चालणारी कंपनी मंद्रूपात चालेलच असे नाही, कारण टॉवर वेगळा.

लगीनसराईत किंवा मोठी रक्कम यायची असेल त्या आठवड्यात बदल करू नये. नवे सिम घातल्यावर यूपीआय पुन्हा पडताळणी मागते. जुन्या कंपनीचे शेवटचे बिल भरून पावती जपून ठेवावी. ते राहिले तर नव्या कंपनीकडेही नंबर बंद पडू शकतो. आणि एखादा नंबर तीन महिने वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करून दुसऱ्याला देऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

आजच करावयाचे काम

कंपनी बदलायची असो वा नसो, एक काम आजच करा. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ नावाची सोय 2023 पासून देशभर दिली आहे. तिथे आपला नंबर घातला की त्याच नावावर आणखी कोणते नंबर आहेत ते दिसते. स्वतः जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलामुलीला सांगा. यादीत आपल्याला ठाऊक नसलेला नंबर दिसला तर तिथेच तक्रार करा. दुकानाचा नंबर आपल्या नावावर नसेल तर ज्याच्या नावावर आहे त्याला सोबत घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि नाव बदलून घ्या. तो माणूस आज गावात आहे, आज राजी आहे. उद्याचे कोणी सांगावे? वडिलांच्या नावावरचा नंबर असेल तर मृत्यूचा दाखला घेऊन तो वारसाच्या नावावर करून घ्या.

आपण दुकानाचा भाडेकरार जपतो, वखारीच्या पावत्या जपतो, उधारीची वही तर उशाशी ठेवतो. त्याच कागदांत या दहा आकड्यांचा कागदही ठेवा. मग कंपनी कोणतीही असो, गिऱ्हाइकाचा फोन आपल्याच दुकानात वाजेल.