बेघरांसाठी शाळेचा उपक्रम: आधी विचारा, मग द्या

थंडी पडली की शाळाशाळांत ब्लँकेटवाटपाचे बेत सुरू होतात. हेतू चांगलाच असतो. पण त्याच आठवड्यात दोन-तीन मंडळं त्याच पुलाखाली ब्लँकेटं वाटून गेलेली असतात. ज्याच्याकडे कपाट नाही, त्याला दुसरं ब्लँकेट म्हणजे ओझंच. जूनमध्ये ताडपत्रीसाठी जीव कासावीस होतो, तेव्हा मात्र कोणी फिरकत नाही. मुलांना या कामात आणायचं असेल, तर वाटपाच्या आधीचं काम त्यांच्याकडे सोपवायला हवं: चौकशी करणं, यादी करणं, हिशेब ठेवणं.

बेघर कोणाला म्हणायचं?

२०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. रस्त्याकडेला, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाइपांत, देवळाच्या आवारात, रेल्वे फलाटावर उघड्यावर राहणाऱ्यांची त्यात नोंद झाली. देशभरात अशी सतरा लाखांहून अधिक माणसं आढळली. त्यांतली दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात. झोपडीत राहणारे या आकड्यात धरलेले नाहीत.

यांतले बरेच जण रोज कामावर जातात. कोणी मजूरअड्ड्यावर उभं राहतं, कोणी भंगार वेचतं, कोणी लग्नकार्यात वाढप्याचं काम करतं. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर गावाकडून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक फूटपाथवर पथारी टाकतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. काही जण मनाच्या आजारापायी घर सोडून भरकटलेले असतात. अशा हजारो जणांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याचं काम कर्जतच्या ‘श्रद्धा’ संस्थेने केलं. त्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एवढं समजलं की मुलांच्या मनातलं ‘कामं करायला नकोत म्हणून असे राहतात’ हे आपोआप मागे पडतं.

यादी कशी करावी?

शाळेने थेट फूटपाथवर जाऊ नये. महापालिकेकडून जवळच्या बेघर निवारा केंद्राचा पत्ता घ्यावा आणि तिथल्या व्यवस्थापकांना शाळेत बोलवावं. काय हवं, किती हवं, कधी हवं, हे प्रश्न मुलांनीच विचारावेत. उत्तरं बहुधा अनपेक्षित असतात: अंगाचा आणि कपड्यांचा साबण, नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, चपला, पेटीला लावायला कुलूप, वाचायचा चष्मा.

जुन्या कपड्यांसाठी एकच कसोटी पुरे: हा शर्ट मी उद्या घालून बाहेर जाईन का? बटणं तुटलेली असतील तर ती लावूनच द्यावा. खाण्याचंही तसंच. डब्यातलं उरलेलं देऊ नये. केळी, राजगिऱ्याचे लाडू, फुटाणे चालतात. पण दात पडलेल्या आजोबांच्या हाती शेंगदाण्याची चिक्की ठेवून उपयोग नाही. कोणाला काय खाता येतं, हेही यादीत लिहावं.

वयानुसार कामं

पहिली ते चौथी: आणलेल्या वस्तू वेगळ्या करणं, मोजणं, पिशव्या भरणं.

पाचवी ते सातवी: सोसायट्यांत आवाहनाची पत्रकं देणं, जमाखर्चाची वही ठेवणं, घाऊक आणि किरकोळ भाव विचारून कुठे स्वस्त पडतं ते काढणं. गणिताचा तास यात सहज बसतो.

आठवी ते दहावी: शिक्षकांबरोबर केंद्रात जाणं, पेपर वाचून दाखवणं, कॅरम मांडणं, अर्ज भरायला मदत करणं. परिसरातला नळ किंवा शौचालय बंद असेल, तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला पत्र लिहिणं.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्यांतले दोन-तीन या कामाला देता येतील.

नागरिकशास्त्राचा जिवंत धडा

एक लाख लोकसंख्येमागे १०० माणसांचा, चोवीस तास उघडा निवारा असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये बजावलं. आपल्या शहराची लोकसंख्या घेऊन किती निवारे हवेत ते मुलांनी काढावं आणि प्रत्यक्षात किती आहेत ते महापालिकेला विचारावं.

मतदार नोंदणीचा नियमही सांगण्याजोगा आहे. बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. नमुना ६ भरल्यावर निवडणूक अधिकारी रात्री त्या जागी जाऊन तो खरंच तिथे झोपतो का, याची खात्री करतात.

आपल्याच वयाची मुलं

शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६पासून सिग्नल शाळा भरते. सिग्नलवर वस्तू विकणारी मुलं तिथे शिकली आणि दहावीही झाली. अशा मुलांना खाऊ वाटायला जाण्यापेक्षा त्यांच्याशी कबड्डीचा सामना ठरवावा. सामन्यात दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात.

कोणती काळजी घ्यावी?

पालकांची लेखी संमती घ्यावी. भेट दिवसा, छोट्या गटाने आणि शिक्षकांसोबतच व्हावी. मुलांनी पैसे किंवा मोबाइल नंबर देऊ नये. वस्तू देतानाचे फोटो काढू नयेत; शाळेच्या ग्रुपवर टाकायला तर नाहीच नाही. एकटं मूल दिसलं तर १०९८, कोणी आजारी दिसलं तर १०८. फोन मोठ्यांनी करावा.

वर्षअखेरचा हिशेब

जूनमध्ये ताडपत्री आणि छत्र्या, दिवाळीआधी साबण आणि कपडे, थंडीत मागणीपुरतीच ब्लँकेटं, उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या, असं वर्षाचं वेळापत्रक केंद्राशी बोलून ठरवावं. मार्चमध्ये मुलांनी पुन्हा एकदा जाऊन विचारावं: काय कामाला आलं, काय तसंच पडून राहिलं? पडून राहिलेल्या वस्तूंची यादी वर्गाच्या फळ्यावर लिहावी. पुढच्या वर्षी आभाराच्या पत्रापेक्षा तीच यादी जास्त उपयोगी पडेल.