रेषा आधी ओलांडली, तरी विजेता दुसराच

शर्यत कोणतीही असो, जो अंतिम रेषा आधी ओलांडतो तो जिंकतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मोटार शर्यतींच्या जगात मात्र ही समजूत अनेकदा खोटी ठरते. २५ जुलै २०२१ रोजी लंडनमध्ये विजेवर धावणाऱ्या मोटारींची, म्हणजेच फॉर्म्युला ई मालिकेतील, शर्यत झाली. अंतिम रेषा सर्वांत आधी ओलांडली ती ऑडी संघाच्या लुकास डी ग्रासी याने. विजेता म्हणून नाव जाहीर झाले ते महिंद्रा रेसिंगच्या अॅलेक्स लिनचे. मुंबईत मुख्यालय असलेल्या उद्योगसमूहाच्या या संघाला तब्बल अडीच वर्षांनी विजय मिळाला आणि लिनचा तर या मालिकेतील तो पहिलाच विजय होता. पण हा विजय नेमका कसा मिळाला, हे समजण्यासाठी नियमपुस्तिकेत डोकवावे लागते.

मार्गावर अपघात झाला की शर्यतीत ‘सेफ्टी कार’ आणली जाते. ती सर्वांच्या पुढे संथपणे धावते आणि बाकीच्या मोटारींना तिच्यामागे रांगेने चालावे लागते. या काळात कोणी कोणाला मागे टाकायचे नाही, हा मूलभूत दंडक. त्याचा एक परिणाम असा, की आघाडीवरच्या चालकाने कष्टाने मिळवलेले अंतर क्षणात नाहीसे होते. एरवी पहिल्या आणि आठव्या गाडीत बऱ्याच सेकंदांचे अंतर असते. सेफ्टी कारमागे मात्र त्या एकमेकींना जवळजवळ चिकटून चालतात. साहजिकच अशा वेळी चार-सहा सेकंद वाचवता आले, तर एकदम पाच-सात क्रमांकांची झेप घेता येते.

डी ग्रासी आणि त्याच्या संघाने नेमके हेच हेरले. लंडनचा मार्ग एक्सेल या प्रदर्शन केंद्राच्या आतून आणि बाहेरून जाणारा, अरुंद आणि वळणावळणाचा. सेफ्टी कारमागील रांग तेथे फारच हळू सरकत होती. शेजारून जाणारी पिट लेन मात्र मोकळी होती. तिच्यातही वेगाला मर्यादा असते हे खरे. परंतु रांगेच्या गतीपेक्षा ती मर्यादा बरी होती. शिवाय २०१८-१९ च्या हंगामापासून एकच बॅटरी संपूर्ण शर्यतभर पुरू लागली होती. त्याआधी चालकांना मध्येच गाडी बदलावी लागे. २०२१ मध्ये त्यामुळे पिट लेनमध्ये कोणाला जाण्याचे कारणच उरले नव्हते. आठव्या क्रमांकावरील डी ग्रासी आत शिरला आणि बाहेर पडला तो थेट सर्वांच्या पुढे!

ही लबाडी होती काय? तसे म्हणणे कठीण आहे. सेफ्टी कार असताना मार्गावर कोणाला मागे टाकण्यास मनाई होती. पिट लेनमध्ये जाण्यास नव्हती. त्यासाठी अट एकच होती. आत गेलेल्या गाडीने आपल्या संघाच्या जागेसमोर थांबले पाहिजे. सगळा वाद ‘थांबणे’ या एका शब्दाभोवती फिरला. डी ग्रासीची गाडी तेथे पूर्णपणे थांबली नाही, असा निष्कर्ष पंचांनी काढला आणि त्याला ‘ड्राइव्ह थ्रू’ शिक्षा दिली. म्हणजे पुन्हा एकदा पिट लेनमधून मर्यादित वेगाने जाऊन यायचे. ज्या वाटेने फायदा झाला, तीच वाट आता तोट्याची ठरणार होती.

ऑडी संघाला हा निर्णय मान्य नव्हता. संघप्रमुख अॅलन मॅकनिश दाद मागण्यासाठी धावले. इकडे डी ग्रासी शिक्षा न भोगता आघाडीवरच धावत राहिला. शिक्षा ठरावीक फेऱ्यांत भोगली नाही, तर काळा झेंडा दाखवला जातो आणि काळा झेंडा म्हणजे शर्यतीतून हकालपट्टी. शेवटी तेच झाले. पहिला येऊनही डी ग्रासी निकालपत्रावर उरला नाही. लिन पहिला, मर्सिडीजचा निक डी व्रीस दुसरा आणि जॅग्वारचा मिच इव्हान्स तिसरा, असा निकाल लागला.

महिंद्राला हा विजय फुकटात मिळाला, असा समज होण्याची शक्यता आहे. तो चुकीचा ठरेल. सेफ्टी कार बाजूला झाल्यावर रोलंड आणि व्हॅन्डूर्न यांच्या गाड्यांची टक्कर झाली, लिनने डी व्रीसला मागे टाकले आणि मगच तो डी ग्रासीच्या पाठीमागे आला. अशा वेळी मागच्या चालकाने काय करावे, हा डावपेचातील खरा प्रश्न असतो. पुढच्या गाडीवर शिक्षा टांगलेली असेल, तर तिच्याशी झुंजण्यात वीज खर्च करणे आणि टकरीचा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही. मागून येणाऱ्याला रोखून धरणे महत्त्वाचे. दिसायला दुसरा, पण प्रत्यक्षात पहिल्या क्रमांकासाठीच तो लढत असतो. प्रेक्षकांना मात्र हे पडद्यावर सहजी दिसत नाही.

शंकरपट पाहण्याची सवय असलेल्या परभणी-हिंगोलीकडील प्रेक्षकाला पंचांच्या निवाड्याचे नवल वाटू नये. तेथेही कोणती जोडी आधी पोहोचली यावरून हमरीतुमरी होते. फरक एवढाच, की मोटार शर्यतीत वाद ‘कोण आधी आले’ याचा नसून ‘कसे आले’ याचा असतो.

पिट लेनचा असा उपयोग करणारा डी ग्रासी पहिला नव्हे. १२ जुलै १९९८ रोजी सिल्व्हरस्टोन येथील ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये फेरारीच्या मायकेल शूमाकरला दहा सेकंदांची शिक्षा झाली होती. ती भोगण्यासाठी तो शेवटच्या फेरीत पिट लेनमध्ये शिरला. अंतिम रेषा पिट लेनवरूनही जाते आणि फेरारीची जागा त्या रेषेच्या पलीकडे होती. म्हणजे शिक्षा भोगण्यापूर्वीच तो शर्यत जिंकून मोकळा झाला! पंचांनी शिक्षेची सूचना मुदतीनंतर आणि संदिग्ध शब्दांत दिली होती, त्यामुळे पुढे ती शिक्षाच रद्द झाली. मॅक्लारेनचा आक्षेप फेटाळला गेला. तेथे चुकले ते पंच, आणि लाभ झाला चालकाला.

लंडननंतर पाचच महिन्यांनी, १२ डिसेंबर २०२१ रोजी, अबुधाबीत याहून मोठे वादळ उठले. लुइस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन यांचे फॉर्म्युला वन विजेतेपदासाठीचे गुण समान होते. ५८ पैकी ५३ व्या फेरीत निकोलस लतिफीची गाडी आदळली आणि सेफ्टी कार आली. आघाडीवरील हॅमिल्टन जुन्या टायरवर मार्गावरच राहिला. व्हर्स्टापेनने नवे, मऊ टायर घेतले. शर्यत संचालक मायकेल मासी यांनी या दोघांच्या मधल्या पाचच मागासलेल्या गाड्यांना पुढे जाऊ दिले आणि एका फेरीची शर्यत उरेल अशा बेताने सेफ्टी कार मागे घेतली. व्हर्स्टापेनने त्या फेरीत विजेतेपद हिरावले. मर्सिडीजचे आक्षेप पंचांनी त्याच रात्री फेटाळले. मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये मासी यांना पदावरून दूर करण्यात आले आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अहवालात मानवी चूक मान्य करण्यात आली. निकाल तोच राहिला. नियमातील एक शब्द तेवढा बदलला: मागासलेल्या ‘कोणत्याही’ गाड्यांऐवजी आता ‘सर्व’ गाड्या.