आधी अख्खं कर्नल वाचू का?

सुट्टीत काशीला आलेला भाचा बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसून विचारतो, "मामा, लिनक्सच्या नेटवर्किंग कोडला हात लावायचाय. पण त्याआधी सगळं कर्नल समजायला हवं ना?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता वैताग येतो. अरे, काशीत 84 घाट. इथवर यायला त्यांतले किती पाठ केले होतेस?

कर्नलचा कोड 3 कोटी ओळींच्या पुढे गेलाय. तो अख्खा वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. नेटवर्किंगचा गाभा ‘नेट’ या डिरेक्टरीत आहे आणि पॅकेटांच्या रांगा लावणारा भाग त्यातल्या ‘शेड’मध्ये. तिथं बहुतेक प्रत्येक पद्धतीची स्वतंत्र फाईल आहे. पॅकेट रांगेत घ्यायचं फंक्शन, बाहेर काढायचं फंक्शन, रांग मांडायची-मोडायची आणखी काही. सुरुवातीला एवढं कळलं तरी पुरे.

विश्वास बसत नाही? सुरतकलच्या एनआयटीत मोहित तहिलियानी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेली ‘एफक्यू-पाय’ पद्धत 2020 साली लिनक्स 5.6 मध्ये आली. फाईल उघड, वरच नावं दिसतील. त्यांनी कर्नल नव्यानं रचलं नाही. आधीची ‘पाय’ पद्धत (आरएफसी 8033, 2017) घेतली आणि पॅकेटांचे प्रवाह वेगवेगळ्या रांगांत वाटले.

आता बाकीचे समज, झटपट.

"एक चूक आणि लॅपटॉप गेला." व्हर्च्युअल मशीनमध्ये काम कर. कर्नल कोसळलं तर तेवढं मशीन पुन्हा सुरू करायचं.

"दर बदलाला अख्खं कर्नल कंपाइल करावं लागतं." रांगेचा कोड मॉड्यूल म्हणून बांधला की तेवढाच काढून पुन्हा चढवता येतो.

"सरावाला दोन संगणक आणि राउटर हवेत." एकाच मशीनवर दोन नेटवर्क नेमस्पेस कर, ‘वेथ’ जोडीनं सांध आणि ‘नेटेम’नं 100 मिलिसेकंदांचा उशीर घाल. झाली प्रयोगशाळा.

"बफर मोठा, तर नेट वेगवान." गल्ली तेवढीच अरुंद असताना रांग लांबवून काय होणार? ताटकळणं वाढतं, बस. म्हणून तर ‘पाय’ रांगेतला उशीर 15 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवायला बघते.

"पॅच परत आला, म्हणजे आपली लायकी नाही." दुसरी, तिसरी आवृत्ती पाठवणं हा तिथला रिवाजच आहे. नेटवर्किंगच्या नियमपत्रात सुधारित आवृत्तीआधी किमान 24 तास थांबायला सांगितलंय, ते उगाच नाही.

"मग पहिली फाईल कोणती?" भाचा.

आत्ता कसं विचारलंस! जो आधी आला तो आधी गेला, एवढंच करणाऱ्या साध्या रांगेची. काहीशे ओळी आहेत, आरतीपर्यंत वाचून होईल.